घोटा बरा झाला, पण पायाची चाल बदलली : फुटबॉलपटूंच्या अस्थिर घोट्याविषयी

उजवी_बगल (धागाकर्ता)

गेली नऊ वर्षे मी कुमारवयीन मुलामुलींच्या फुटबॉल संघाला शिकवतो आहे आणि या काळात मुरगळलेल्या घोट्याइतकी वारंवार दुसरी कोणतीही दुखापत मी पाहिलेली नाही. घोटा मुरगळतो, सूज चढते, बर्फ लावला जातो, दोन-तीन आठवड्यांत मूल पुन्हा पळू लागते आणि सगळे जण तो प्रसंग विसरून जातात. मला लिहायचे आहे ते या विसरण्यानंतर काय घडते त्याविषयी.

माझ्या संघात मधल्या फळीत खेळणारा सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. दीड वर्षापूर्वी हेडरसाठी उडी मारून खाली येताना त्याचा उजवा घोटा जबर मुरगळला. त्यानंतर तोच घोटा आणखी तीनदा मुरगळला, आणि त्यातल्या दोन खेपांना त्याच्या आसपास प्रतिस्पर्धी संघाचे कोणीही नव्हते. साधे वळताना पाऊल आत दुमडले. आज त्याला वेदना नाही, सूज नाही, एक्स-रेमध्ये हाडे शाबूत आहेत. तरीही त्याच्या जुन्या आणि नव्या सामन्यांच्या चित्रफिती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन वेगळे खेळाडू दिसतात. डावीकडे वळायचे असेल तेव्हा पूर्वी तो उजव्या पायाच्या एकाच रेट्यावर दिशा बदलत असे; आता त्याच वळणासाठी तो दोन-तीन आखूड पावले घेतो. उडीवरून उतरताना डावा पाय आधी टेकवतो. डाव्या पायाने मारलेल्या फटक्यात पूर्वीचा जोर राहिलेला नाही, आणि डाव्या पायाला तर कधीच काही झालेले नाही. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत त्याचा उजवा गुडघा आत झुकू लागतो.

दुखापत घोट्याची, आणि बदल मात्र गुडघ्यात, खुब्यात, दुसऱ्या पायात आणि धडाच्या कलण्यात. हे कसे होते, आणि घोटा बरा झाला असे आपण नेमके कशाच्या आधारावर म्हणतो, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

स्नायुबंध

मी क्रीडा-फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि आपण वर्णन केलेला खेळाडू मला दर महिन्याला भेटतो, फक्त त्याचे वय आणि मैदानावरची जागा वेगळी असते. सुरुवात सांध्यापासून करते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

नडगीतील टिबिया आणि फिब्युला या दोन हाडांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते आणि तीत टॅलस नावाचे हाड बसते. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. चवडा नडगीकडे वर उचललेला असताना रुंद भाग खोबणीत घट्ट अडकतो आणि सांधा हाडांच्या आधारानेच पक्का राहतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो, सांध्यात मोकळीक निर्माण होते आणि आवरून धरण्याचे काम अस्थिबंधांवर पडते. उडीवरून उतरताना पाऊल नेमके याच अवस्थेत असते. बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध आहेत. त्यांतला फिब्युलापासून पुढे टॅलसकडे जाणारा सर्वांत दुबळा, आणि पाऊल खाली झुकून आत वळले की पहिला फाटतो तो हाच. जोर जास्त असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसराही जातो. आतल्या बाजूचा डेल्टॉइड अस्थिबंध दणकट असतो, शिवाय घोट्याचे बाहेरचे हाड आतल्यापेक्षा खालपर्यंत उतरलेले असल्यामुळे पावलाला बाहेर वळायला अडसर होतो. म्हणूनच बहुतेक वेळा पाऊल आतल्या दिशेनेच मुरगळते.

आता मुख्य मुद्दा. अस्थिबंध म्हणजे दोन हाडांना बांधणारी नुसती दोरी नव्हे. त्यात आणि सांध्याच्या आवरणात अशी चेताग्रे असतात की जी सांधा कोणत्या कोनात आहे आणि किती वेगाने हलतो आहे याची खबर सतत वर पाठवतात. १९६५ मध्ये फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की मुरगळण्यात ही खबर देणारी यंत्रणाच जखमी होते, आणि त्यामुळे अस्थिबंध जुळून आल्यावरही पाऊल दगा देत राहते. पुढे या विचारात बरीच भर पडली आणि काही दुरुस्त्याही झाल्या, पण त्यातून झालेला भेद आजही कामाचा आहे : सांधा प्रत्यक्षात सैल असणे ही एक गोष्ट, आणि सांधा फारसा सैल नसताना त्यावरचा ताबा गेलेला असणे ही दुसरी. काहींना पहिली अडचण असते, काहींना दुसरी, अनेकांना दोन्ही.

पहिल्यांदा मुरगळून वर्ष उलटले, तरी पाऊल दगा देते किंवा पुन्हा मुरगळते, आणि स्वतःच्या घोट्यावर भरवसा वाटत नाही, अशी अवस्था असेल तर आम्ही तिला घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतो. ती मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची आणि तीस गुणांची एक प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. २४ किंवा त्याहून कमी गुण आले तर घोटा अस्थिर मानतात. पहिल्यांदा मुरगळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक वर्षभरानंतर या अवस्थेत असल्याचे पाठपुराव्याच्या अभ्यासात आढळले आहे. उरलेले लोक सावरतात, आणि तेही तितकेच अभ्यासण्यासारखे आहेत, कारण त्यांच्यापैकी काहींचे अस्थिबंध आजही सैलच असतात. सैल अस्थिबंध घेऊन ते बिनधास्त खेळतात. म्हणजे फरक अस्थिबंधाच्या पलीकडे कुठेतरी आहे.

डावखुरा_दहा

मी जिल्हा पातळीपर्यंत खेळलो आहे आणि दोन्ही घोटे मुरगळून घेतलेला माणूस आहे, म्हणून आतून काय वाटते ते लिहितो. पाऊल दगा देणे म्हणजे दुखणे नव्हे. एका क्षणी पायाखाली जमीन असते आणि पुढच्या क्षणी ती तिरकी झालेली असते, आणि आपण काही करण्याआधी ते घडून गेलेले असते. असे दोनदा झाले की त्या पायावर उभे राहण्यापूर्वी शरीर आपल्याला न विचारता हिशेब करू लागते. मी सर्वांत आधी एक गोष्ट सोडून दिली : उजव्या पायावर पूर्ण भार टाकून डाव्याने लांबचा फटका मारणे. मी त्याऐवजी जवळचा पास देऊ लागलो, आणि बाहेरून पाहणाऱ्यांना वाटले की मी आता अधिक समजुतीने खेळतो आहे.

उजवी_बगल, तुमच्या मुलाच्या डाव्या पायाच्या फटक्यातला जोर कमी झाला याचे मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. फटका डाव्या पायाने मारला तरी तो उभा राहतो उजव्या पायावर.

गतिवेध

डावखुरा_दहा यांचे शेवटचे वाक्य या साऱ्या विषयाचा गाभा आहे. मी हालचालींचे मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, जिथे पायावर खुणा चिकटवून कॅमेऱ्यांनी कोन मोजतात आणि जमिनीत बसवलेल्या पट्ट्यांनी पावलाचा दाब मोजतात. तिथे पाहिलेल्या आणि इतरांच्या अभ्यासांतून पुनःपुन्हा समोर आलेल्या गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, चूक पाऊल टेकण्यापूर्वीच सुरू होते. अस्थिर घोट्याचे लोक साधे चालत असताना टाच टेकण्याच्या आधी आणि लगेच नंतर त्यांचे पाऊल निरोगी माणसापेक्षा अधिक आत वळलेले आढळले आहे, आणि पाय पुढे येताना ते जमिनीच्या अधिक जवळून जाते. फरक अंशांमध्ये मोजण्याइतका लहान असतो, पण परिणाम मोठा होतो. पावलाची बाहेरची कड आधी टेकली तर जमिनीकडून येणारा जोर टाचेजवळच्या सांध्याच्या अक्षाच्या आतल्या बाजूने जातो आणि तो जोरच पावलाला आणखी आत वळवतो. पाऊल जितके वळेल तितकी तरफ लांब होते, आणि तरफ जितकी लांब तितके पाऊल वेगाने वळते.

दुसरी गोष्ट वेळेची. पाऊल टेकल्यापासून घोटा मुरगळेपर्यंतचा काळ साधारण ५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. घोट्याच्या बाहेरून जाणारे, पाऊल बाहेर वळवणारे पेरोनियल स्नायू अचानक ताणले गेले तर त्यांची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायलाच तितका किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि स्नायूत जोर यायला आणखी काही काळ जातो. थोडक्यात, घोटा मुरगळू लागल्यावर त्याला वाचवण्याइतकी जलद कोणतीही प्रतिक्रिया माणसाकडे नाही. निरोगी खेळाडू वाचतो, कारण त्याचे पेरोनियल स्नायू पाऊल टेकण्याच्या आधीच ताणलेले असतात; पुढच्या क्षणी जमीन कशी असेल याचा अंदाज मेंदूने बांधलेला असतो. उडीवरून उतरताना अस्थिर घोट्याच्या खेळाडूंमध्ये ही पूर्वतयारी कमी झालेली काही अभ्यासांत स्पष्ट दिसते. त्यामुळे "तुझे पाय चपळ ठेव" ही सूचना मला निरुपयोगी वाटते. ज्या गोष्टीचा अंदाज घ्यायचा ती गोष्ट शिकवायला हवी.

तिसरी गोष्ट वळण्याची, आणि ती तुमच्या मुलाला थेट लागू आहे. डावीकडे वळण्यासाठी उजवे पाऊल शरीरापासून लांब, बाहेर टेकवावे लागते. त्या वेळी नडगी आतल्या बाजूला कललेली असते, म्हणजे जमिनीवर सपाट टेकलेले पाऊलसुद्धा नडगीच्या तुलनेत आत वळलेलेच असते. निरोगी घोट्याला हे चालते. ज्या घोट्याला हा कोन म्हणजे धोका असे ठाऊक झाले आहे, त्याचा मालक पाऊल इतक्या लांब टाकतच नाही; तो शरीराखालीच टाकतो, वेग आधी कमी करतो आणि वळण दोन-तीन पावलांत वाटून घेतो. चित्रफितीत दिसलेली आखूड पावले हीच असावीत.

जुना_बचावपटू

सर्वांचे लिखाण आदराने वाचले. तरी एक शंका मांडतो. आमच्या काळी घोट्याला घट्ट पट्टी बांधून आम्ही खेळलो आणि बरीच वर्षे खेळलो. मोजमापे आणि अंश हे सगळे ठीक आहे, पण पट्टीने घोटा आत वळूच दिला नाही तर प्रश्न तिथेच संपत नाही का?

स्नायुबंध

आपला अनुभव खोटा नाही, दादा, उलट त्याला चांगला पुरावा आहे. स्वीडनमध्ये १९८५ साली आणि दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासांत घोट्याचा आधारपट्टा वापरल्याने आधी मुरगळलेल्या खेळाडूंचे पुन्हा मुरगळणे स्पष्टपणे कमी झाले. ज्यांचा घोटा कधीच मुरगळला नव्हता त्यांना मात्र १९९४ च्या अभ्यासात तसा फायदा झालेला दिसला नाही. म्हणून मी स्वतः दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षात सामना आणि जोरदार सराव यांसाठी पट्टा वापरायला सांगते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. चिकटपट्टीची पकड वीस-तीस मिनिटांच्या पळापळीत बरीच सैल होते, आणि खेळाडू दमतो ते त्यानंतर. दुसरे असे की पट्टा पावलाचे वळणे आवरतो, पण उतरताना गुडघा किती वाकवायचा, भार कोणत्या पायावर टाकायचा, खुबा कधी आवळायचा हे ठरवणारी सवय पट्ट्याने बदलत नाही. स्वीडनच्या त्याच अभ्यासात एका गटाला पट्ट्याऐवजी डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव दिला होता आणि त्या गटालाही फायदा झाला होता. पट्टा बांधा आणि फळीवरही उभे राहा, असे माझे म्हणणे आहे.

खेळाडूची_आई

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि बचाव फळीत खेळते. तिचा घोटा गेल्या वर्षी दोनदा मुरगळला. धागाकर्त्यांनी गुडघा आत झुकतो असे लिहिले आहे ते वाचून मी घाबरले आहे, कारण तिचा गुडघाही उतरताना आत जातो असे तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले होते. घोट्यामुळे गुडघ्याला धोका होऊ शकतो का? आणि घरी काही तपासून पाहता येईल का?

स्नायुबंध

ताई, घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हा संबंध कसा लागतो ते सांगते.

मुरगळल्यानंतर अनेकांच्या घोट्यात एक उलटेच चित्र दिसते : सांधा एका दिशेला सैल होतो आणि दुसऱ्या दिशेला आखडतो. पाऊल जमिनीवर ठेवून गुडघा पुढे नेताना टॅलसला खोबणीत मागे सरकावे लागते. ते नीट सरकले नाही, किंवा पोटरी आखडली असली, तर नडगी पावलावरून पुढे झुकू शकत नाही. उडीवरून उतरताना शरीराचा धक्का जिरवण्याचे पहिले काम याच झुकण्याचे असते. ते झाले नाही तर धक्का वर जातो, आणि पायाकडे तीन मार्ग उरतात. गुडघा कमी वाकवून ताठ उतरायचे, किंवा खुबा आणि कंबर अधिक वाकवून भार तिथे घ्यायचा, किंवा पावलाची कमान आत पाडून गुडघा आत वळवायचा, म्हणजे नडगीला तिरकस वाट मिळते. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिसरा मार्ग निवडला जात असेल तर तो गुडघ्याच्या पुढच्या क्रुसिएट अस्थिबंधाला, म्हणजे गुडघा आतून आवरून धरणाऱ्या अस्थिबंधाला, अनुकूल नाही. गुडघा आत जाण्याची इतर कारणेही असतात, विशेषतः नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर असणे. आणि अस्थिर घोट्याच्या लोकांमध्ये हे स्नायूही दुबळे किंवा उशिरा काम करणारे आढळतात. एका पायावर उभे असताना ओटीपोटाचा तोल याच स्नायूंमुळे राहतो, म्हणून त्यांचा ढिसाळपणा पुन्हा पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार पाठवतो. खालून वर आणि वरून खाली असे हे चक्र चालते.

घरी तपासण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून काही सेंटिमीटर मागे ठेवायचा, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि गुडघा टेकू शकेल इतके पाऊल जास्तीत जास्त किती मागे नेता येते ते मोजायचे. दोन पायांतला फरक पाहा. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे घोट्याच्या कोनात सुमारे साडेतीन अंशांचा फरक. फरक दोन सेंटिमीटरहून अधिक असेल तर मी तो सोडून देणार नाही.

नवीन मुरगळ असेल तेव्हा मात्र हे काही करू नका. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर, करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या मुळाशी, किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावरच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

उजवी_बगल (धागाकर्ता)

भिंतीची चाचणी मी आज सरावापूर्वी सगळ्या संघाची घेतली. माझ्या त्या मुलाचे डाव्या पायाचे अंतर अकरा सेंटिमीटर आले आणि उजव्याचे सहा. दीड वर्ष मी त्याला दोरीवरच्या उड्या, पळणे, डगमगती फळी हे सगळे करायला लावत होतो आणि हा आखडलेपणा एकदाही मोजला नव्हता. याची खंत वाटते. फिजिओथेरपिस्टकडे त्याला पाठवतो आहे.

संघातल्या एकवीस मुलांपैकी आणखी चार जणांच्या दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आहे, आणि चौघांनाही जुन्या मुरगळीची आठवण आहे. संख्या लहान आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला कोणाकडे लक्ष द्यायचे ते कळले.

गतिवेध, एक विचारायचे राहिले. हा मुलगा मोकळ्या मैदानात एका पायावर डोळे उघडे ठेवून तीस सेकंद सहज उभा राहतो. सामन्यात मात्र हा तोल नाहीसा होतो. असे का?

गतिवेध

आपण प्रश्नातच अर्धे उत्तर दिले आहे : डोळे उघडे ठेवून. घोट्याकडून येणारी खबर अपुरी पडू लागली की मेंदू तिची भरपाई दृष्टीने करतो. अस्थिर घोट्याचे लोक एका पायावर उभे राहताना डोळ्यांवर अधिक विसंबतात, हे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले गेले आहे. रिकाम्या मैदानात ही भरपाई चालून जाते. सामन्यात डोळे चेंडूवर, सहकाऱ्यावर आणि अंगावर येणाऱ्या बचावपटूवर असतात, आणि घोट्याच्या वाट्याला दृष्टी उरतच नाही. फुटबॉलमध्ये हे इतर अनेक खेळांपेक्षा अधिक अडचणीचे आहे, कारण इथे ज्या अवयवांनी तोल सांभाळायचा त्याच अवयवांनी चेंडूही हाताळायचा असतो. ड्रिब्लिंग करताना प्रत्येक वेळी एक पाय चेंडूला स्पर्श करत असतो आणि दुसरा एकटा सगळे शरीर पेलत असतो.

म्हणून तोलाची चाचणी घेताना स्थिर उभे राहण्यापेक्षा हलत्या चाचण्या घ्या. एका पायावर उभे राहून दुसरा पाय समोर, तिरका मागे आतल्या बाजूला आणि तिरका मागे बाहेरच्या बाजूला जितका लांब नेता येईल तितका नेऊन अंतर मोजायचे, ही चाचणी बरीच वापरली जाते. समोरचे अंतर कमी आले तर बहुधा घोटा आखडलेला असतो. मागच्या दोन दिशांची अंतरे कमी आली तर खुबा आणि ताबा यांकडे पाहावे. शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या एका अभ्यासात दोन पायांच्या समोरच्या अंतरात चार सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापती अधिक झाल्या होत्या. फुटबॉलला तोच आकडा जसाच्या तसा लावू नये, पण फरक शोधण्याची दिशा योग्य आहे. त्यानंतर एका पायावर उडी मारून उतरायला सांगा आणि शरीर स्थिरावायला किती वेळ लागतो ते पाहा. अस्थिर घोट्याच्या खेळाडूला तो जास्त लागतो, आणि चित्रफीत सावकाश चालवली तर साध्या डोळ्यांनाही दिसतो.

सरावही याच क्रमाने अवघड करत जा. आधी एका पायावर उभे राहून चेंडू हातांनी झेलणे, मग दुसऱ्या पायाने परतवणे, मग उडीवरून उतरता उतरता पास देणे, मग हलका खांद्याचा धक्का सोसत तेच करणे, आणि शेवटी कोणत्या दिशेला वळायचे ते अगदी ऐन वेळी सांगणे. ठरलेल्या दिशेला वळणे आणि ऐन वेळी कळलेल्या दिशेला वळणे यांत पायाची हालचाल इतकी वेगळी असते की पहिल्या सरावाने दुसऱ्याची तयारी होते असे मी मानत नाही.

जुना_बचावपटू

माझी शंका बऱ्याच अंशी फिटली. आता बचावपटू म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी शेकडो वेळा जवळून पाहिली आहे. घोटा जातो तो बहुधा समोरच्याच्या टॅकलमुळे पडण्याने नव्हे. धावणाऱ्याचे पाऊल टेकणार तेवढ्यात त्याच्या नडगीला आतल्या बाजूने धक्का लागतो, आणि मग ते पाऊल बाहेरच्या कडेवर टेकते. दुसरा प्रकार फटका मारण्याचा : चेंडूऐवजी समोरच्याच्या तळपायावर पाय आदळतो आणि चवडा जोराने खाली दाबला जातो.

गतिवेध

आपले निरीक्षण अचूक आहे. २००४ मध्ये फुटबॉल सामन्यांच्या चित्रफितींवरून घोट्याच्या दुखापतींचे जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात नेमके हेच दोन प्रकार वारंवार आढळले होते. पहिल्या प्रकारात आतून आलेला धक्का आणि आधीच किंचित आत वळून येणारे पाऊल हे दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. निरोगी खेळाडूला जो धक्का पचतो तो अस्थिर घोट्याच्या खेळाडूला पचत नाही, याचे एक कारण इथे आहे.

आधाराच्या पायाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण डाव्या पायाच्या फटक्याचा प्रश्न मागे राहिला. चेंडूकडे तिरके धावत येऊन फटका मारताना आधाराचे पाऊल चेंडूच्या बाजूला टेकते, शरीर त्याच बाजूला कलते आणि दाब पावलाच्या बाहेरच्या भागाकडे सरकतो. त्या अत्यल्प काळात आधाराच्या पायाला तीन कामे करायची असतात : पुढे जाणारा वेग थांबवणे, ओटीपोटाला टेकू देणे, आणि त्या टेकूवर दुसरी मांडी फिरू देणे. थांबवलेला वेगच खुब्यातून फटक्याच्या पायात उतरतो. आधाराच्या पावलावर भरवसा नसेल तर खेळाडू शेवटचे पाऊल आखूड घेतो, शरीर कमी कलवतो, ओटीपोट कमी फिरवतो, आणि फटक्याच्या पायाला मिळणारा वेग तिथेच कमी होतो. मांडीचे स्नायू कितीही कमावले तरी हा तोटा भरून निघत नाही.

डावखुरा_दहा

हे वाचताना अंगावर काटा आला, कारण मी तीन वर्षे मांडीचेच व्यायाम करत होतो.

खेळाडूची_आई

शस्त्रक्रियेबद्दल कोणीच लिहिले नाही. एका नातेवाइकांनी मुलीचा अस्थिबंध शिवून घ्या असा सल्ला दिला आहे. शिवाय डच फुटबॉलपटू मार्को व्हॅन बास्टेन यांचे उदाहरण देऊन वेळेत शस्त्रक्रिया केली नाही तर कारकीर्द संपते असेही सांगितले.

स्नायुबंध

व्हॅन बास्टेन यांचे उदाहरण इथे लागू होत नाही. १९९३ च्या युरोपीय अंतिम सामन्यानंतर ते पुन्हा खेळू शकले नाहीत आणि १९९५ मध्ये निवृत्त झाले हे खरे, पण त्यांच्या घोट्यावर त्यापूर्वीच अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि सांध्यातील कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, हानी हा त्यांचा मोठा प्रश्न होता. त्यातून एकच गोष्ट घ्यावी : वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यात आत खोलवर दुखत असेल, सांधा अडकत असेल, तर टॅलसवरच्या कूर्चेला इजा झाली आहे का हे एमआरआयने पाहून घ्यावे.

शस्त्रक्रिया चांगली आहे आणि जुनी आहे. फाटलेला अस्थिबंध जागच्या जागी आवळून शिवण्याची पद्धत स्वीडिश शल्यविशारद ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडली आणि तिचे सुधारित रूप आजही पहिली निवड असते. पण ती सैल सांध्यावरचा इलाज आहे, हरवलेल्या ताब्यावरचा नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरही तोलाचा तोच सराव करावाच लागतो. साधारणपणे तीन ते सहा महिने नेटाने केलेल्या व्यायामानंतरही पाऊल दगा देत असेल आणि तपासणीत सांधा खरोखर सैल असेल, तेव्हा हा विचार करतात. तुमच्या मुलीने तो नेटाचा सराव अजून केलेलाच नाही, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते.

पूर्ण संघासाठी म्हणाल तर फिफाचा ११+ हा सरावपूर्व व्यायामक्रम आहे : पंधरा व्यायाम, सुमारे वीस मिनिटे, आठवड्यातून किमान दोनदा. त्यात पळणे, ताकद, एका पायावरचा तोल, उडीवरून नीट उतरणे आणि दिशा बदलणे हे सगळे येते. तुमच्या मुलीच्या वयोगटातल्या फुटबॉलपटू मुलींवर त्याची मोठी चाचणी झालेली आहे आणि नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी झाल्या होत्या. नियमित हा शब्द महत्त्वाचा, कारण अधूनमधून करणाऱ्या संघांना तितका फायदा मिळत नाही.

उजवी_बगल (धागाकर्ता)

दहा आठवड्यांनी परत लिहितो आहे. फिजिओथेरपिस्टनी पहिले तीन आठवडे टॅलस मागे सरकवण्याचे हस्तोपचार आणि पोटरीचे ताण दिले, त्यानंतर एका पायावरचे टाच उचलण्याचे व्यायाम, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम, आणि गतिवेध यांनी सांगितलेला चेंडूसह तोलाचा क्रम आम्ही मैदानावर घेतला. भिंतीच्या चाचणीत उजव्या पायाचे अंतर आता साडेनऊ सेंटिमीटर आहे. प्रश्नावलीत सुरुवातीला सतरा गुण होते, आता तेवीस आहेत, म्हणजे अजून तो रेषेच्या खालीच आहे. उडीवरून उतरताना दोन्ही पाय बरोबर टेकतात. वळताना ठरलेल्या दिशेला तो एका पावलात वळू लागला आहे. ऐन वेळी दिशा सांगितली तर अजूनही आखूड पावले येतात.

गुडघा आत झुकणे सरावाच्या सुरुवातीला दिसत नाही. सरावाच्या शेवटी दिसते. याचा अर्थ काय लावावा आणि त्याला सामन्यात किती वेळ खेळवावे?

स्नायुबंध

अर्थ असा की त्याने नवी सवय शिकली आहे, पण दमल्यावर जुनी परत येते. मोजमापे आतापर्यंत ताज्या पायांवर झाली असतील; यापुढे तीच मोजमापे सरावाच्या शेवटी घ्या, आणि चेंडूसह तोलाचे व्यायाम आठवड्यातून एकदा शेवटच्या पंधरा मिनिटांत ठेवा. ज्या मिनिटापासून गुडघा झुकू लागतो ते चित्रफितीवरून ठरवा आणि त्याच्या पाच मिनिटे आधी त्याला बदलून बाहेर घ्या. ते मिनिट पुढे सरकत गेले की खेळण्याचा वेळही वाढवा. पट्टा हा हंगाम संपेपर्यंत ठेवा.

उजवी_बगल (धागाकर्ता)

गेल्या दोन सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या. एकात ते मिनिट बावन्नावे आहे, दुसऱ्यात सत्तावन्नावे. शनिवारच्या सामन्यात त्याला सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बाहेर घेणार आहे आणि का ते त्याला आजच सांगितले आहे. त्याने स्वतःची चित्रफीत मागून घेतली आणि उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवून विचारले, की हे त्याला खेळताना जाणवत का नाही. मी त्याला हा धागा वाचायला दिला आहे.